आठवी बाटली

सेमारांगच्या बंदरामागे, आमच्या भाड्याच्या खोलीत
पहाटे चारला पातेलं रटरटायला लागतं.
सांबिलोतो. मूठभर पानं,
वर गुळवेलीच्या जातीचा बोटभर तुकडा.
वास आधी उशीत शिरतो, मग माझ्या स्वप्नात.

सिम्बोक, माझी आई, तीस वर्षं हेच विकते.
पाठीवर टोपली, टोपलीत बाटल्या,
बुचाच्या जागी केळीच्या पानाची सुरळी.
सात बाटल्या हळदीच्या, चिंचेच्या, आल्यागुळाच्या.
आठवी काळपट हिरवी,
ती कुणी हौसेनं मागत नाही.

कोळंबीच्या कारखान्यातल्या बायका मागतात.
कोळंबीच्या डोक्याचा काटा नखाखाली जातो,
बोट ठणकतं, सुजून चकचकीत होतं,
आणि मुकादम हजेरी कापतो.
मुर्तिनी नाक दाबून पेला रिकामा करते,
सिम्बोकला एक शिवी हासडते,
मग तांदळाचं गोड पाणी, फुकट, कडूवर उतारा.
"दवाखान्यातही जा गं," सिम्बोक म्हणते,
"हे आपलं सोबतीला."

मी कधीच प्यायले नाही.
लहानपणी दोघांनी धरलं, तरी सगळं भिंतीवर.
त्या डागाला अजून माझं नाव आहे.

गेल्या महिन्यात सिम्बोकलाच ताप आला.
सहा दिवस. उतरला तो चव घेऊनच.
मीठ नाही, मिरची नाही.
तिनं सांबिलोतोचं पान चावलं, आणखी एक चावलं,
कागद चघळावा तशी चघळत राहिली.
मग जे तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं ते म्हणाली:
"मला कळत नाहीये."

सातव्या दिवशी पातेलं चढलंच.
करवंटीत दोन बोटं ओतून
तिनं ती माझ्यापुढे धरली.
प्यायले.
जीभ, टाळू, कानामागची शीर,
पार पायाच्या अंगठ्यापर्यंत कडूजहर.
सिम्बोक माझ्या तोंडाकडे बघत होती,
वाणी तराजूच्या काट्याकडे बघतो तशी.
"भुवया पुरत्या जुळल्या नाहीत," म्हणाली,
आणि पातेल्यात अजून सात पानं टाकली.

आता रोज पहाटे मी उठते.
तिची चव परतलीय, असा मला संशय आहे;
काल भाजीत मीठ कमी म्हणाली.
मी विचारलं नाही.
करवंटी पुढे आली की डोळे मिटते,
तोंड वेडंवाकडं करते,
जमेल तेवढं खरं.