भाग अ, भाग ब

रजिस्टरात त्याचा नंबर एकोणीस.
वजन दोन किलो आठशे, चौदा वर्षं तेवढंच.
कसबा बावड्याच्या आमच्या नर्सिंग शाळेत
पोरी त्याला धोंडू म्हणतात,
नाव ओबडधोबड ठेवलं की बाळ टिकतं म्हणून.

टिकलाच होता.
किती बॅचा त्याच्यावर आंघोळ घालायला शिकल्या,
ढेकर काढायला, नाळ पुसायला,
मानेखाली पंजा कसा सरकवायचा ते.
प्रात्यक्षिकाच्या आदल्या दुपारी
उजवी काख फाटली, बोटभर.

रुबिना मुजावर त्याला टॉवेलात गुंडाळून घेऊन आली,
मान धरून, शिकवलं होतं तश्शी.
"सातपुतेमामा, बघा की वो,
उद्या ह्याला पाण्यात कसं घालायचं?"
बाकीच्या दारात हसत होत्या.
ती हसत नव्हती.

माझा हात आधी आरीकडं गेला.
जवाहरनगरात आई चपलांच्या वेण्या वळायची,
मी पायतानं शिवत शिवत दहावी झालो,
अजून रविवारी एक जोड उतरतो हातातनं.
फाटलं की टाका, एवढंच ठाऊक.
पण कडेला सुई टोचून बघितली
तर फाट भोकापासनं पुढं पळाली.
चामडं टाका पचवतं.
हे नाही पचवत.

मग आठवला तो पत्र्याचा डबा,
रक्तदाबाच्या मोडक्या यंत्रामागं,
बाळाबरोबरच आलेला, कुणी न उघडलेला.
दोन बाटल्या, भाग अ आणि भाग ब.
रंगाची एक कुपी. लाकडी काड्या.
आणि घडीचा कागद, चार भाषांतला,
त्यात आपली नाही.
मुदत संपून नऊ वर्षं झालेली.

रुबिना इंग्रजीतनं वाचून सांगत होती:
सिलिकॉनला फक्त सिलिकॉनच चिकटतं,
दुसरं काही लावू नये.
"म्हंजे हे पण जात बघतंय,"
मी म्हणालो.
तेव्हा हसली ती, पहिल्यांदा.

काचेवर निम्मं निम्मं कालवलं.
तासभर वाट बघितली.
दोन तास.
बोट लावलं की तार निघायची, काकवीसारखी.
संपलंय त्याचं आयुष्य, सोडून द्या, बाई म्हणाल्या,
नवीन मागवू मार्चनंतर.

रुबिना कागद उलटा करून अजून वाचतच होती.
अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात:
रबरी हातमोजे घालू नयेत,
रबरातल्या गंधकानं मिश्रण आळत नाही.

दारावरची पाटी रोज मीच पुसतो,
हातमोज्यांशिवाय बाळाला हात लावू नये.
मी मोजे काढले.
हात साबणानं धुतले, परत धुतले.
नखांच्या कडेचा चपलेचा रंग
तेवढा गेला नाही, तो कधीच जात नाही.

नवीन काच, नवीन काडी.
काखेत बोट घातलं तेव्हा
ती इतकी मऊ होती की
चौदा वर्षं ह्याची धूळ मी झटकली
आणि आज पहिल्यांदा हात लावला, असं वाटलं.
रुबिनानं त्याचा दंड वर धरून ठेवला,
पंचवीस मिनिटं, न बोलता.
खालनं ऊसगाड्यांचा आवाज येत होता.

आळलं.
ओढून बघितलं, धरलं होतं.
फक्त रंग जमला नाही.
ठिगळ दिसतंय गुलाबी, आणि धोंडू
हातांनी, तेलानं, पावडरीनं पिवळट झालेला.
कुपीतला रंग काही बदललेला नव्हता.
आला तेव्हा तो एवढा गुलाबी होता
हे आम्ही विसरून गेलो होतो.

सकाळी परीक्षक बाईंनी ठिगळ बघितलंही नाही.
रुबिनानं काख धुतली, टिपली,
आणि जरा जास्तच वेळ टिपत राहिली.

रजिस्टरात लिहिलं:
नंबर एकोणीस, उजवी काख, दुरुस्त, खर्च काही नाही.
भाग अ संपला.
भाग ब तळाला थोडा उरलाय,
एकटा कसल्याच कामाचा नाही.
झाकण घट्ट लावून
परत डब्यात ठेवलाय.