पाचापैकी किती

बैंगनवाडीच्या दवाखान्यात काल भिंतीला रंग मारला.
खालून छातीपर्यंत हिरवा. वरचं तसंच राहिलं,
पाहुण्यांच्या खुर्च्या मांडल्यात तिथून वरचं दिसत नाही.
उमरीकर डॉक्टर म्हणाले, अहिरेबाई,
उद्या निळी साडी, इस्त्रीची.
आणि विचारतील तेवढंच बोला.

थुंकी तपासायचं मशीन कोपऱ्यात,
त्यावर झुलेखानं दिलेला जरीचा तुकडा, धूळ बसू नये म्हणून.
तुकड्याखाली स्टिकर : अमुक देशाच्या जनतेकडून, सप्रेम.
'सप्रेम' माझं. तिथे नुसतंच लिहिलंय,
विक्रीसाठी नाही.

दिवाळीपासून कार्ट्रिज नाहीत.
महापालिका म्हणते प्रकल्पानं द्यायच्या,
प्रकल्प म्हणतो तिसऱ्या वर्षापासून महापालिकेनं.
कागद एकच आहे, दोघांकडे,
ज्यानं त्यानं आपल्या सोयीच्या ओळीखाली
पेन्सिलीनं रेघ मारलेली.

बाई आल्या. केस पिकलेले, खांद्याला कापडी पिशवी.
उंबऱ्याबाहेर त्यांनी आपणहून चपला काढल्या,
त्यामुळे मला त्यांचा नीट राग धरता येईना.
सोबतचा मुलगा पुण्याचा. त्यानं मराठीत वाचलं :
लोकांचा या दवाखान्यावर विश्वास किती?
एक ते पाच.

मी उमरीकरांकडे बघितलं.
उमरीकर पंख्याकडे.

आता काय सांगू.
रजिस्टरात रस्ता क्रमांक नऊ, खोली चौदा असं लिहिलंय,
तिथे सार्वजनिक शौचालय आहे.
त्याच पानावर आणखी सहा पत्ते,
एकाही ठिकाणी घर नाही, एका ठिकाणी तर नाला.
लिहिणारी मीच. सांगणारे माझ्या डोळ्यांत बघून सांगत होते.
झोपड्या पाडायला गाडी येते तिच्यावर जे चिन्ह,
तेच आमच्या केसपेपरवर.
कुठल्या कागदाला खरं सांगायचं, कुठल्याला नाही,
हे त्यांना शिकवायला गेले असते
तर आधी मला यायला हवं होतं.

खरे पत्ते माझ्याकडे आहेत.
वहीत होते. वही एकदा ऑफिसनं तपासायला मागितली,
तेव्हापासून डोक्यात.

आणि झुलेखाच्या खोलीची किल्ली,
ती पोलक्याच्या आत, पिनेला.
ती आठला कारखान्यात जाते. तिथे कळलं तर काम गेलं,
घरी कळलं तर त्याहून जास्त.
सासू दुपारी एकला लेकीकडे जाते
तेवढ्यात मी कुलूप उघडते,
गोळ्या पिठाच्या डब्यामागे ठेवते, कालचं रिकामं पाकीट उचलते.
किल्ली देताना म्हणाली होती,
"आपा, तुमको दे रही हूँ.
दवाखाने को नहीं."

याचे पाचात किती होतात?

चार, मी म्हणाले.
बोटंही दाखवली, उगाच.
बाईंनी लिहिलं. लिहून पेन तसंच धरून बसल्या.
मग काहीतरी पुटपुटल्या, मुलगा जरा घुटमळला,
म्हणाला, त्या म्हणतात
त्यांच्या गावातला दवाखाना मागच्या वर्षी बंद झाला,
त्याआधी तिथेही हाच फॉर्म आला होता.
त्यांनी दोन लिहिलं होतं.

कुणी हसलं नाही.
उमरीकरांनी पंखा एकाने वाढवला.

जाताना हस्तांतराच्या यादीवर सह्या.
मार्चअखेर प्रकल्प संपतो, तेव्हा महापालिकेकडे :
मशीन एक, टेबलं दोन, खुर्च्या सहा,
शीतपेटी एक (झाकण नादुरुस्त),
आरोग्य सेविका अकरा.
माझं नाव आठवं. पुढे 'स्थिती' असा रकाना,
त्यात कुणीतरी 'चालू' लिहून ठेवलेलं.

सही केली.
किल्ली यादीत नव्हती, मी सांगितली नाही.
कुणाकडे सोपवणार होते ते ती घेऊन?

बाहेर आल्यावर दिसलं, पदराला हिरवा रंग लागलाय,
भिंत अजून ओलीच होती.
दवाखान्याच्या घड्याळात एकला पाच कमी.
ते घड्याळ मागे आहे.
सासू निघालीच असेल.