फळीला पोट सुटतं

सहा पडदे, तो म्हणाला. तीन खाली, तीन वर.
मी कानावरची पेन्सिल काढली,
म्हटलं, सहांचं मिळून वजन किती?
ते त्याला ठाऊक नव्हतं.
काचेमागचं सगळं पाठ:
न्यूयॉर्क आमच्या अडीचला उघडतं,
तांबं कशाने पडतं, येन रात्री कुठे वळतो.
काच कधी उचलून पाहिली नव्हती.

मी पोर्तूची सुतारीण. बोनफिमच्या उतारावर
वडिलांचं दुकान, पटाशाही त्यांच्याच.
शाळेची बाकं केली, चर्चची केली,
एका दंतवैद्याचं साठ खणांचं कपाट केलं.
बाजार मांडायला टेबल, हे पहिलंच.

टेल्मो किंतेला. बुचांच्या कारखान्यात
अकरा वर्षं हिशेब लिहून सोडलेला माणूस.
कॅटलॉगात बोट ठेवून दाखवत होता:
हे बटण दाबलं की उंच होतं,
याच्या कडेला निळा उजेड आहे.
मी म्हटलं, हा भुसा आहे, डिंक घालून दाबलेला,
वर लाकडाचा फोटो.
फोटोवर कोपर टेकून किती वर्षं बसाल?
आणि फळीला पोट सुटतं हो,
माणसासारखंच, बसून बसून.
सगळा भार मागच्या कडेला चिमट्यांवर लटकणार,
तर खालून कणा हवा.
हात लांब केला की बोटं काचेला जेमतेम टेकावीत,
म्हणजे खोली ऐंशी. टेबलाची.
तुमच्या खोलीची खोली किती?
आणि जेवणाचं ताट?
अडीचला जेवतो कोण, तो हसला.
मी वहीत ताट लिहिलं नाही.

माप घ्यायला तिसरा मजला चढले.
सासूचं इस्त्रीचं टेबल, त्यावर एक लॅपटॉप,
कापडावर इस्त्रीच्याच आकाराचा तपकिरी डाग.
पहिले चार हजार युरो यावरच, तो हळूच म्हणाला,
देवघरात बोलावं तसा.
बेनेदिता दारात, हातात चुरगळलेल्या शर्टांचा ढीग.
लवकर करा हो बाई, एवढंच म्हणाली.

चेस्टनटचं केलं. एकशे ऐंशी लांब.
जिन्यात वळेना, दोरखंडाने खिडकीतून चढवलं;
खाली कॅफेतली माणसं कप हातात धरून
वर बघत राहिली, कॉफी निवेपर्यंत.
तारांसाठी मधोमध भोक पाडलं, मुठीएवढं.
सहाही पडदे पेटले तेव्हा इरियाने विचारलं,
कार्टून यातल्या कुठल्यावर लागतं?
मी टेबलाला कंबरेने धक्का देऊन पाहिला.
हललं नाही. माझं काम तिथे संपलं.

फेब्रुवारीत फोन आला.
कापता येईल का?
किती?
पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग म्हणाला, एका पडद्यापुरतं ठेवा.
का, ते विचारलं नाही. आमच्या धंद्यात
लांबी विचारतात.

गेले. पाच पडद्यांना गिऱ्हाईक मिळालं होतं,
मागच्या कडेवर चिमट्यांचे वळ तेवढे उरलेले.
फळीवर लेव्हल ठेवली. बुडबुडा बरोबर मध्यावर.
बघा, म्हटलं, तसूभरही वाकली नाही.
तो त्या बुडबुड्याकडे
गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ बघत राहिला.

करवत नेमकी भोकातून गेली.
कडेला अर्धी चकती उरली, उघडी.
मी म्हटलं, लाकूड भरून देते.
राहू द्या, बेनेदिता म्हणाली. ती इस्त्री करत होती,
खिडकीशी, त्याच टेबलावर.
इरियाने त्या खाचेत संत्रं बसवून पाहिलं.
घसरलं. पुन्हा बसवलं.
चर्चच्या घड्याळात अडीच वाजले.
टेल्मोने मान वर केली, मग चमचे काढायला गेला,
आणि मला विचारलं, तुम्ही जेवणार ना?

जेवले. सार्डिन होते, बटाटे, थोडे करपलेले.
उरलेली फळी खांद्यावर घेऊन जिना उतरले,
आता वळणावर अडली नाही.
दुकानात भिंतीला टेकवून ठेवली आहे,
तिची अर्धी खाच वर करून.
तिचं काय करायचं, अजून ठरलं नाही.