नमुना

पूर ओसरला तेव्हा दुधाळीतल्या आमच्या घरात
फरशी नव्हतीच, नुसता गाळ.
फावड्यानं, घमेल्यानं, शेवटी ताटांनी उपसला,
तेव्हा खालून हिरव्या ठिपक्यांची मोझॅक निघाली,
पिवळी, कावीळ झालेल्या डोळ्यासारखी.

सोडा झाला, साबणाची पूड झाली,
नारळाच्या शेंडीनं गुडघे सोलेस्तोवर घासलं.
अनुबाई दारातनं म्हणाल्या,
ॲसिड मार की गं, एका मिनटात साफ.

हे पंचनाम्याच्या रांगेत होते.
सहा नंबरच्या रबरी चपला घालून
मी ओट्यापाशी उभी राहिले आणि बाटली ओतली.
फस्स!
कढईत भजी सोडावीत तशी फरशी उकळली.
घशात आग, डोळ्यांत पाणी,
आणि पिवळं जाताना बघून, खरं सांगते,
मला फार बरं वाटलं.

वाळल्यावर तळहात फिरवला.
खडेमीठ.

हे आले, उंबऱ्यातच बसले.
"पुरानं खाल्ली की गं."
मी म्हटलं, हो. पुरानं.

दसरा झाल्यावर बाबालाल पटवेगार मशीन घेऊन आले.
आधी तांब्याभर पाणी ओतलं,
ओल्या फरशीकडं तिरकं बघत राहिले,
डॉक्टरनं जीभ बघावी तसं.
ओट्यापाशी थांबले.

तिथं दोन पावलं होती.
चकचकीत, घर बांधलं त्या साली होती तशी,
टाच, चवडा, चपलेच्या किनारीसकट.
त्यांनी पावलांकडं बघितलं. मग माझ्या पायांकडं.
"वहिनी, पूर काय चपला चुकवून जात न्हाई."

चहा उतू गेला. मी जाऊ दिला.

तेवढ्यात हे आत आले, काय म्हणतीया फरशी?
"पुराचं पाणी लई वाईट, दादा,"
बाबालाल वायर सोडवत म्हणाले,
"पर नमुना घावला. आता सगळी ह्याला जुळवायची."

दोन दिवस मशीन घुमलं.
साठ नंबरचा दगड, एकशेवीस, दोनशेवीस,
पांढरी रबडी खराट्यानं मोरीकडं.
प्रत्येक दगडानंतर ते त्या पावलांपाशी उकिडवे बसत,
कडेवरून बोट फिरवत.
अजून न्हाई.
अजून न्हाई.
शेवटी पुडीतली पावडर, वर नमदा,
आणि पावलं गेली.
मी वाकून शोधली, नखानं चाचपली.
सगळीकडं तेच हिरवं, तीच चकाकी, ट्यूबलाइट उलटी पडलेली.

पैसे मोजता मोजता म्हणाले,
साधं पाणी. फडकं घट्ट पिळायचं.
लिंबू न्हाई, शिर्का न्हाई, ती बाटली तर दारातसुद्धा न्हाई.
आंबट सोसत न्हाई हिला.

आता कुणाच्या ताटातनं तांबड्या रश्श्याचा थेंब सांडला
तर माझा घास तसाच राहतो, आधी फडकं.
पावण्यांना हसू येतं. येऊ दे.

रोज खिडकीपासून दाराकडं,
मागं मागं सरकत पुसते,
आपलं पाऊल उमटू नये म्हणून.
हे येईल त्याला फरशी दाखवतात,
पंचगंगेनं खाल्ली हुती हो, पार खाल्ली हुती.
मी बादली उचलते, मोरीत रिकामी करते.
हे पाणीही शेवटी
तिच्याकडंच जातं.