भोंगा

पहाटे पाचला गिरणी धडधडू लागते.
चुन्यात भिजलेल्या मक्याच्या बादल्या रांगेत,
मालकिणी भिंतीला टेकून.
एउफ्रोसिना तिची बादली मला धरायला देते,
कुठली तू, विचारत नाही.

चौकातला भोंगा खाकरतो:
त्रांकिलिनोकडे आज डुक्कर कापलंय.
एर्मेलिंदा, शिकागोहून मुलाचा फोन.
ती धावते, एक चप्पल मागेच.
तिचा नंबर येतो, जातो,
कुणी पुढे सरकत नाही.

दुपारी निवडुंग तासताना
माझ्या बोटात काटा मोडतो.
सगळ्या हसतात. मग एकजण सुई आणते.

चौथ्या दिवशी भोंगा म्हणतो:
सुलोचा, तुझा टॉवेल
देवळाच्या घंटेवर जाऊन बसलाय.

नाव अर्धंच बरोबर.
तरी मी धावते,
शिकागोहून फोन आल्यागत.