शेऱ्याचा रकाना

बावीस वर्षं मी एकच शब्द लिहिला.
मोरभवनच्या कोपऱ्यातल्या खोलीत, पंख्याखाली,
रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात:
वेळेवर.
त्याच्याखाली नुसत्या खुणा, दोन-दोन टिंबं,
मुंग्यांसारखी महिनाअखेरपर्यंत उतरत जाणारी.

बस पारडी नाक्यावर अडकलेली असायची,
किंवा गॅसच्या पंपावर रांगेत,
किंवा डेपोतच, बोनट उघडून,
आणि रजिस्टरात ती केव्हाच निघून गेलेली असायची.
कागदावर नागपूर फार झकास चालायचं.

मग एका मे महिन्यात,
पत्रा तापून कडकड वाजत होता तेव्हा,
पंचफुला खोब्रागडे आत आली.
मेडिकलमध्ये आया. रात्रपाळी नाही, दिवसाची.
पिशवीतून लेकीची वही काढली.
पुढून गणितं,
उलटी केली की मागून आमची बस.

"तीन महिने लिवून राह्यली मी.
पहा बरं साहेब, तुमच्याशी जुयते का."

पेन्सिलीनं, तारखेवार:
आठ दहाची, आली आठ तेवीसला.
आठ तेवीस.
आठ पंचवीस. ड्रायव्हर नवीन होता.
आली पण थांबली नाही. हात केला होता.
आठ तेवीस.
आली नाही. ऑटो केला, साठ रुपये.
आली नाही. अर्धा दिवस कापला.

मी माझं रजिस्टर उघडलं नाही.
तिनंच उघडलं.
बोट नेमकं त्या तारखेवर ठेवलं,
वर सरकवत नेलं, टिंबाटिंबावरून,
थेट त्या शब्दापर्यंत.
"कोणाच्या वेळेवर, साहेब?"

भांडली असती तर मला येतं भांडायला.
तिनं माठातलं पाणी मागितलं, उभ्यानं प्याली,
"शाया सुरू व्हायच्या आत वही वापस द्या,
पोरीची हाय," म्हणाली,
आणि गेली.

रात्री घरी हिशेब मांडला. साधाच होता.
डेपो ते नंदनवन, चोवीस मिनिटं:
कोणीतरी कधीतरी एकदा गेला असेल तेवढ्यात,
उड्डाणपुलाचं खोदकाम निघण्याआधी,
बहुधा रविवारी, बहुधा रिकामी बस घेऊन.
तेव्हापासून सगळे ड्रायव्हर
कामावर रुजू होतानाच तेरा मिनिटं मागे.
ते भरून काढायला मग थांबे गाळायचे.
हात केलेली बाई आरशात लहान होत जायची.

दुसऱ्या दिवशी मी लिहिलं: आठ तेवीस.
शेरा: रस्ता सदतीस मिनिटांचा आहे.
घाटोळे साहेबांनी बोलावलं.
"काऊन बाप्पा? दोन वर्षं राह्यले तुमचे."
मी म्हटलं, म्हणूनच.
दंड कोणाला, पैसा कोणाचा, त्यावर बरीच चहा झाली.
पावसाळा गेला. मी लिहीत राहिलो.

दिवाळीनंतर सत्तार पेंटरनं थांब्यावरचा आकडा खरवडला
आणि लिहिलं ८.२३.
बस एका मिनिटानंही लवकर येत नाही.
फक्त आता ती म्हणते तेव्हा येते,
आणि घाई नसली की थांबते.

पंचफुला मला बाजारात भेटली, बुधवारी, वांगी निवडताना.
"तेरा मिनिटं सापडले साहेब," म्हणाली,
"पोरीची वेणी आता मीच घालून देतो,
पहिले शेजारीण घालत होती."
तिनं दोन वांगी परत ठेवली, किडकी होती.
एवढंच बोलणं झालं.

जानेवारीत एका सकाळी धुकं होतं,
पट्टा तुटला, बस डेपोतून निघालीच नाही.
नंदनवनला कोण उभं असेल ते मला माहीत होतं.
मी बावीस वर्षांत पहिल्यांदा लिहिलं:
आली नाही.

अक्षर जरा हललं.
दुसऱ्या फेरीचीही तीच गत. सवयीनं खाली टिंबं द्यायला गेलो,
आणि हात थांबवला.
हा शब्द दरवेळी पूर्ण लिहायचा.