दोन खांबांचं नाणं

सरकारवाड्यामागच्या पेढीवर
पुराची रेघ अजून भिंतीला आहे.
पोसली गावित, सुरगाण्याहून, पहिल्या एसटीनं,
गळ्यातली सर सोडून तराजूत ठेवते.

राणीछाप अकरा. चांदवडी तीन.
आणि एक झिजलेलं: दोन खांब, मधे समुद्र.
"फिरंगी," दंडगव्हाळ म्हणतात, "पण कस आहे."
आणि मुशीसाठी माझ्या हातावर ठेवतात.

मी दिवसा इथं खतावणी लिहितो,
संध्याकाळी रात्रशाळेत इतिहास.
ती एकमेकांत गुंतलेली अक्षरं मला वाचता येतात:
पोटोसी.
आतून पोखरलेला डोंगर. आयमारा, केचुआ,
गावातल्या दर सात पुरुषांमागे एक वेठीला.
गालात कोकाचं पान; त्याचा कडूपणा सरला
की पाळी सरली,
तिथं खाली दुसरं घड्याळ नव्हतं.
त्यांचा हिशोब दोऱ्याच्या गाठींत असे.
मग कागद आला,
हळूहळू गाठींना कोणी विचारेना.

"कशाला मोडता?"
"दाव्याला. जंगलाच्या जमिनीच्या. चौथी खेप.
सायब म्हणतो, कसता हे कशावरून?"

ती ओवलेला दोरा तेवढा परत मागते.
काळा, मेणचट. नाण्यागणिक गाठ.
"ही आजेसासूची. ही नागलीच्या सालाची.
ही..." बोट थांबतं.
"ही कोणाची, तिलाही ठावं नव्हतं."

मूस लाल झालीय.
खतावणीत लिहितो: नग पंधरा.
खोडतो. चौदा.

दंडगव्हाळ चष्म्यावरून बघतात.
पैसे पंधराचेच मोजतात.
पगारातून जातील.